शीण आणि वीट

लिहिणाऱ्या सात-आठ जणांच्या बैठकीत परवा एक वाद झाला आणि नेहमीप्रमाणे नको त्या जागी जाऊन रुतला. एका तरुण अनुवादिकेने सांगितले, की हातातले पुस्तक संपले की पुढचे तीन महिने ती एक ओळही लिहिणार नाही. झाले! लगेच दोन फळ्या पडल्या. ‘लेखकाला कसली आली सुट्टी? हात चालता ठेव, एकदा गंज चढला की उतरत नाही,’ असे म्हणणारे एकीकडे. त्यांतल्या एका गृहस्थांनी आपण वर्षानुवर्षे एकही दिवस न चुकता हजार शब्द लिहितो, हे पुन्हा एकदा ऐकवून घेतले. दुसरीकडे ‘शरीर काय सांगतंय ते ऐक, आतून येईल तेव्हाच लिही, ओढूनताणून लिहिलेलं कधी चांगलं होतं का?’ असे म्हणणारे. तासभर दोन्हीकडून जोर लागला. त्या मुलीला दमायला नेमके कशाने झाले आहे, हे मात्र कोणीच विचारले नाही. मीही नाही. मी पहिल्या फळीला उत्तर देण्यात गुंतले होते.

माझे मत आधीच सांगून टाकते. लिहिणाऱ्याने विश्रांती घ्यायलाच हवी, पण दमून पडल्यावर नव्हे. लिहिणे बरे चाललेले असताना, अजून थोडे लिहिता आले असते अशा वेळी. हे उलटे वाटेल. पण आपल्या भाषेत या प्रकरणासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची सरमिसळ होते म्हणूनच हा वाद सुटत नाही. एक शब्द शीण, दुसरा वीट. दिवसभर मान मोडून काम केले की शीण येतो. रात्री झोप लागली की तो जातो, कधी घटकाभर आडवे झाल्यानेही उतरतो. वीट तसा जात नाही. ज्या गोष्टीचा वीट आला ती समोर आली, की आठ तास झोपून उठलेला माणूसही तोंड फिरवतो. शिणलेला लेखक म्हणतो, ‘आज नको, उद्या लिहीन.’ वीट आलेला लेखक म्हणतो, ‘लिहून करायचंय काय?’ पहिल्याला विश्रांती हवी आहे. दुसऱ्याची विश्रांतीची वेळ केव्हाच टळून गेली आहे.

मला हा फरक कळला तो एका प्रूफावरून. त्या काळात माझे एक साप्ताहिक सदर चालू होते, शिवाय एक अनुवाद, शिवाय दुसऱ्यांच्या पुस्तकांची संपादने. काम कुठेच अडलेले नव्हते. उलट मी कधी नव्हे इतकी भराभर लिहीत होते आणि त्याचा मला थोडा तोराही होता. एके दिवशी सदराचे प्रूफ परत आले. मुद्रितशोधक जुन्या वळणाचे, लाल शाईने खुणा करणारे. बाराशे शब्दांच्या त्या मजकुरात त्यांनी ‘खरे तर’भोवती अकरा ठिकाणी गोल काढला होता. दोन परिच्छेद ‘प्रश्न असा आहे’ने सुरू होत होते आणि शेवटचा दृष्टान्त तीन आठवड्यांपूर्वीच्या सदरात येऊन गेला होता, जवळजवळ त्याच शब्दांत. खुणा सगळ्या लाल शाईत. पण खाली कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने, म्हणजे नंतर खोडता यावे अशा बेताने, दोनच शब्द होते: ‘दमलात का?’ ते पान हातात धरून मी बराच वेळ बसले. मला दमल्यासारखे वाटतच नव्हते. बोटे चालत होती. वाक्य उमटल्याबरोबर ‘हे नको’ म्हणणारे जे कोणी आत बसलेले असते, ते मात्र कधीतरी उठून गेले होते आणि मला पत्ताही नव्हता.

रोजचे शब्द मोजणाऱ्यांना दमणूक दिसत नाही ती याचमुळे. एकाच खुर्चीत बसून लेखक दोन कामे करत असतो: वाक्य पुढे रेटण्याचे आणि ते अडवण्याचे. यातले अडवण्याचे काम जास्त कष्टाचे, म्हणून तेच आधी थकते. रेटण्याला सराव पुरतो; वीस वर्षे लिहिणाऱ्याच्या हाताला तयार वाक्ये आपोआप सापडतात, म्हणी रांगेत उभ्याच असतात, लेखाचा शेवट कसा करायचा हे सुरुवातीलाच माहीत असते. दमलेल्या सुताराचा खांदा दुखतो, रंधा वाकडा चालतो, तो थांबतो. दमलेल्या लेखकाचे काहीच दुखत नाही, उलट लिहिणे सोपे होते. शब्दसंख्या गाठली जाते, मजकूर वेळेत पोचतो, आणि बहुतेक वाचकांनाही लगेच काही खटकत नाही. त्यांना खटकते ते सहा महिन्यांनी, जेव्हा आपण त्या लेखकाचे नाव पाहून पान उलटतो आहोत हे त्यांच्या ध्यानात येते.

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली ऊठसूट कशालाही लावतात; सोमवारी सकाळी कामाचा कंटाळा आला तरी बर्नआउट. त्यामुळे त्याची टिंगल होते आणि शिस्तवाल्यांचे फावते. मुळात तो असा सैल शब्द नव्हता. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो अभ्यासाच्या लेखनात आणला, तेव्हा त्याच्यासमोर होती न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात आपणहून राबणारी, ध्येयाने भारलेली माणसे. तो स्वतःही त्यांच्यातलाच. म्हणजे ‘ज्याचं लेखनावर खरं प्रेम आहे तो कधी थकत नाही’ हे ठेवणीतले वाक्य जन्मापासूनच खोटे आहे. ज्याचे प्रेम नाही तो मुळात एवढे जाळून घेतच नाही. तो पाच वाजता उठून घरी जातो. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये या अवस्थेचे मोजमाप मांडले. त्यात तीन गोष्टी आहेत: भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही बोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात याची नोंद केली, तीही रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. आता ती तीन लक्षणे पुन्हा पाहा. पहिले म्हणजे शीण. उरलेली दोन म्हणजे वीट. तीन महिन्यांच्या सुट्टीने पहिले जाईल. उरलेल्या दोहोंचे काय? सुट्टीवरून परत येणारा माणूस त्याच टेबलाशी, त्याच फायलींपाशी आणि त्याच शंकेपाशी परत येतो.

शिस्तवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सवय मोडली की पहिले पान डोंगर होते, हे मी भोगले आहे. त्या प्रूफानंतर मी अडीच महिने काही लिहिले नाही आणि परत बसले तेव्हा पहिला आठवडा फक्त पेन शोधण्यात, टेबल पुसण्यात आणि जुनी टिपणे वाचण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात जे लिहिले ते फेकावे लागले. शिवाय ‘आतून येईल तेव्हा’ची वाट पाहणारे किती जण अजून वाट पाहत आहेत, हेही आपण पाहतोच. शिस्तवाल्यांचा लाडका दाखला म्हणजे अँथनी ट्रोलॉप. बरीच वर्षे पोस्ट खात्यातली नोकरी सांभाळत, एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिणारा हा इंग्रज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द उतरवी. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र निघाले, त्यात त्याने हे काहीही न लपवता सांगितले. एवढी कारकुनी शिस्त वाचून अनेक रसिकांचा हिरमोड झाला म्हणतात. पण दाखला देणारे त्यातले निम्मेच वाचतात. ट्रोलॉप तीनच तास लिहीत असे. त्यातलाही पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात जाई. माणसाने दिवसाला जेवढे लिहायला हवे तेवढे तीन तासांत होते, असे त्याचे स्पष्ट मत. साडेआठला तो उठायचा. नंतर नोकरी, आणि हंगामात आठवड्यातून दोन दिवस तरी घोड्यावर बसून कोल्ह्यांच्या मागे. ते घड्याळ त्याला बसवत होते तसे उठवतही होते. रोज हजार शब्दांची फुशारकी मारणाऱ्यांपैकी किती जण साडेआठला उठतात?

यापेक्षा कठीण मुद्दा वेगळा आहे आणि तो मला खरोखर टोचतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली, तिचे चौऱ्याऐंशी अंक काढले, आणि १८८२ मध्ये वयाची बत्तिशीही न गाठता ते गेले. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि १८९५ मध्ये, चाळिशीच्या आतच, तेही गेले. या माणसांनी विश्रांतीचा हिशेब मांडत बसायला हवे होते का? दम्याने गांजलेल्या आगरकरांना कोणी ‘तीन महिने लेखणी खाली ठेवा’ म्हटले असते तर मराठीचे काय झाले असते? याला माझ्याकडे तोड नाही. काळच कधी कधी असा येतो की थांबणे परवडत नाही, आणि अशा वेळी ज्याने स्वतःला खर्ची घातले त्याला आरोग्याचे धडे देणे हा करंटेपणा आहे. पण हा दाखला आपल्या कामाला लावताना जरा थांबू या. आपण आज जे रात्री जागून लिहितो, त्यातले किती त्या तोलाचे असते? चौथ्या कोणाच्या पुस्तकाची प्रस्तावना, कुठल्याशा स्मरणिकेचा मजकूर, एखाद्या उत्पादनाची माहितीपत्रिका, मागच्याच विषयावर मागचेच मत. थोरांची घाई उसनी घेणे सोपे असते. तिचे कारण उसने मिळत नाही. शिवाय निबंधमाला मासिक होती, हेही विसरू नये. एवढ्या तातडीच्या कामावरचा माणूससुद्धा दोन अंकांमध्ये महिन्याचे अंतर ठेवत होता. आठवड्याला तीन मते बाळगणारे आपण!

लेखक मोडतो तेव्हा तो लिहिण्याने मोडतो, हे तरी कोठे ठरले आहे? इंग्रज कादंबरीकार डिकन्स पाहा. कादंबऱ्या मासिक किंवा साप्ताहिक हप्त्यांनी छापून येत, म्हणजे मुदतीची टांगती तलवार कायमची. तरी त्याचा दिवस बांधलेला होता: सकाळी नऊच्या सुमारास बसायचे, दुपारी दोनच्या सुमारास उठायचे, आणि मग मैलोन्‌मैल पायी भटकायचे. या वेळापत्रकावर त्याने दशके काढली. त्याला मोडले ते जाहीर वाचनांनी. १८५८ पासून तो पैसे घेऊन स्वतःच्या कादंबऱ्यांतले उतारे रंगमंचावर वाचू लागला. ते नुसते वाचन नव्हते, एकपात्री नाटक होते. गर्दी लोटत होती, पैसा येत होता, आणि टाळ्यांची तहान तर कोणाही लेखकाला असते. शेवटी शेवटी त्याने एका खुनाचा प्रसंग वाचायला घेतला. तो वाचून आत आला की त्याची नाडी पळत असे, उभे राहवत नसे. एप्रिल १८६९ मध्ये डॉक्टरांनी दौरा मध्येच बंद पाडला. तरी १८७० च्या सुरुवातीला निरोपाची बारा वाचने त्याने केलीच. त्या जूनमध्ये तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. हातातली कादंबरी बारा भागांची होणार होती, तिचे सहाच भाग झाले होते. लेखनाने त्याला कधी एवढे थकवले नव्हते. लेखक म्हणून लोकांसमोर उभे राहण्याने थकवले. आजच्या लेखकाला यात काही ओळखीचे दिसत नाही का? रंगमंच आता खिशात मावतो, एवढाच फरक.

आता दुसऱ्या फळीकडे वळते, कारण ती माझ्या बाजूची म्हणवते आणि म्हणून तिचा जास्त राग येतो. त्यांचा आवडता युक्तिवाद असा: विश्रांती घ्या, म्हणजे कल्पना सुचतात, विश्रांतीने काम वाढते. पुरावा म्हणून गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांची गोष्ट सांगतात. बरेच दिवस डोके खाऊनही न सुटलेले कोडे ते प्रवासात असताना, घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी सुटले. गोष्ट खरी आहे. त्यांनी स्वतःच ती सांगितली आहे. पण त्याच्याच पुढे ते असेही सांगतात, की मनाच्या तळाशी चालणारे हे काम आधी भरपूर जाणीवपूर्वक कष्ट झालेले असतील तरच फळते, आणि सुचल्यानंतरही पुन्हा बसून ते तपासावे लागते. विरजण लावायला आधी दूध तापवलेले असावे लागते. रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून रात्रभर वाट पाहिली तर सकाळी रिकामेच भांडे मिळते. जर्मन कवी रिल्केचेही असेच. १९१२ मध्ये दुइनोच्या किल्ल्यात सुरू केलेली शोकगीते त्याने १९२२ च्या फेब्रुवारीत पुरी केली, आणि त्याच महिन्यात वर पंचावन्न सुनीते लिहून टाकली. आळशी कवींना ही हकिकत फार आवडते. मधली दहा वर्षे त्याने पाय पसरून काढली, असा त्यांचा समज असावा. त्या दहा वर्षांत महायुद्ध होते, सक्तीची सैन्यभरती होती, नैराश्य होते, एका गावाहून दुसऱ्या गावी फिरणे होते. ती विश्रांती नव्हती, तो वनवास होता.

या युक्तिवादातली खरी गोम आणखी खोल आहे. विश्रांती घ्या म्हणजे काम वाढेल, असे म्हटले की विश्रांतीलाही कामाच्याच तागडीत घातले. मग फिरायला जायचे ते कथानक सुचावे म्हणून, झोपायचे ते उद्या दीड हजार शब्द व्हावेत म्हणून, पुस्तक वाचायचे ते त्यावर लिहिता येईल म्हणून. ही विश्रांती नव्हे, ही बिनपगारी पाळी. मला स्वतःला सगळ्यात उशिरा सुटलेली सवय हीच: वाचताना हातात पेन्सिल धरायची. अडीच महिन्यांच्या सुट्टीतही मी सतरा पुस्तकांच्या समासात खुणा करत होते, ‘सदरासाठी उपयोगी’ अशा. ज्या दिवशी पेन्सिल खोलीबाहेर ठेवून वाचायला बसले, त्या दिवशी पहिली दहा मिनिटे हात चुळबुळत होता. कोणीतरी शेजारून उठून गेल्यासारखे वाटत होते. चाळिसाव्या पानावर मी मोठ्याने हसले. त्या विनोदाचा पुढे कुठेही उपयोग केला नाही आणि आता तो आठवतही नाही.

विश्रांतीच्या नावाखाली माणसाचे वाटोळेही करता येते, हे मात्र आपल्या बाजूच्यांनी कबूल करायला हवे. सायलस वीयर मिचेल हा अमेरिकी डॉक्टर एकोणिसाव्या शतकात ‘विश्रांती-उपचारा’साठी नावाजलेला होता: अंथरुणात पडून राहायचे, भरपूर खायचे, डोक्याला काही त्रास द्यायचा नाही. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर त्याने हा प्रयोग केला आणि घरी पाठवताना बजावले, की बौद्धिक काम दिवसाला फार तर दोन तास, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल यांना जन्मभर हात लावायचा नाही. तिने काही महिने ते निष्ठेने पाळले आणि वेडाच्या अगदी कडेला जाऊन पोचली. परत कामाला लागली तेव्हा कुठे सावरली, आणि १८९२ मध्ये अशाच एका खोलीत कोंडलेल्या बाईची कथा तिने छापली. विश्रांतीच्या विरोधकांना यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही. पण तिची साक्ष नेमकी कशाविरुद्ध आहे? लेखणी ठेवण्याचा निर्णय तिचा नव्हता, पुन्हा केव्हा उचलायची हेही तिच्या हाती ठेवले नव्हते. जिच्यावर बंदी घातली तिला आराम मिळाला असे कसे म्हणायचे? दमलेल्या लेखिकेला ‘आता लिहिणं सोड बाई, घराकडे बघ’ असे प्रेमाने सांगणारे आजही भेटतात. त्यांची काळजी खरी असेल. सल्ला मिचेलचाच आहे.

आणि पैसा. विश्रांती हा भरल्या पोटीचा विषय आहे, हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानते. शब्दावर किंवा पानावर ज्याचा हिशेब होतो, त्याने न लिहिलेला दिवस म्हणजे न मिळालेले पैसे. घर सांभाळून लिहिणाऱ्या बाईला तर ‘रोज दोन तास काही करू नका’ हा सल्ला थट्टाच वाटेल. तिला आधी लिहायला दोन तास मिळू देत. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये लेखिकेसाठी दोन गोष्टी मागितल्या: कुलूप लावता येईल अशी खोली आणि वर्षाला पाचशे पौंड. दोन्हीचा अर्थ एकच होतो, काही वेळ कोणाच्याही हाकेला ओ द्यावी न लागणे. तेव्हा हा विषय फक्त लेखकाच्या शहाणपणाचा नाही. जे लिहून घेतात त्यांचाही आहे. आठवडाभरात अनुवाद मागणारे आणि सहा महिन्यांनी मानधन देणारे लोक लेखकांसाठी तणावमुक्तीची व्याख्याने ठेवतात, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही. मानधन वेळेवर आले तर त्या व्याख्यानाची अर्धी गरज उरणार नाही. हे सगळे मान्य. पण यावरून ‘म्हणून गरजू लेखकाने थांबूच नये’ असा निष्कर्ष काढणे हे मात्र क्रूर आहे. ज्याच्यापाशी साठा नाही त्याला कोसळणे सगळ्यात महाग पडते. त्याला लांब सुट्टी परवडत नाही, म्हणूनच त्याची रोजची थांबण्याची वेळ अधिक काटेकोर हवी.

थांबायचे, पण कशापासून? या वादातला हरवलेला प्रश्न हाच. टिळकांचे उदाहरण घेते, जरा बिचकतच. कारण तुरुंगाला विश्रांती म्हणण्याचा निर्लज्जपणा मला करायचा नाही: १९०८ ते १९१४ मंडाले, मधुमेह, आणि तिथे असतानाच १९१२ मध्ये पत्नी गेल्याची बातमी. पण गीतेवरचे त्यांचे चिंतन त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून चाललेले होते, आणि ते कागदावर उतरले ते मंडालेत, १९१०-११ च्या हिवाळ्यातल्या थोड्या महिन्यांत, शिसपेन्सिलीने. बाहेर असताना का नाही उतरले? बाहेर आठवड्याचा ‘केसरी’ होता, विरोधकांचे लेख होते, खटले होते, सभा होत्या, आलेल्या प्रत्येकाला उत्तर होते. सरकारने त्यांच्याकडून सगळे काढून घेतले, त्यात नकळत ही उत्तरे देण्याची सक्तीही काढून घेतली. लिहिणे तर तिथेही चालूच होते. आपण विश्रांती म्हणजे लिहिणे थांबवणे असे धरून चालतो, ही पहिलीच पायरी चुकते. कित्येकांना हवी असते ती लिहिण्यापासून नव्हे, उत्तरे देण्यापासून सुटका.

या विचारावर आल्यावर मला त्या अनुवादिकेला न विचारलेला प्रश्न आठवला आणि दोन दिवसांनी मी तिला फोन केला. ‘तुला कशाचा कंटाळा आलाय गं नेमका?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘अनुवादाचा नाही, मावशी. सकाळी ते दोन तास बरे जातात.’ मग बाकीचे बाहेर आले. एकच बिल चार वेळा पाठवणे. मुदत अलीकडे आणल्याचे निरोप. पुस्तकाविषयी ‘छोटंसं काहीतरी’ लिहून द्या, बोलून द्या, फोटो पाठवा, सगळे फुकट. रात्री अकराला आलेल्या संदेशाला सकाळी सातला उत्तर नाही म्हणून आलेला दुसरा संदेश. आणि तीन महिने ती बंद करणार होती ते काय, तर अनुवाद! बाकीचे चालूच राहणार होते, कारण त्याला कोणी काम म्हणत नाही. जे तिला धरून ठेवत होते तेवढेच सोडायला ती निघाली होती. अशा तीन महिन्यांनंतर शीण गेलेला असता, पण वीट पक्का झाला असता.

मी तिला उलटा उपाय सुचवला. सकाळचे दोन तास ठेव, पण दोनच, सव्वादोन नाहीत. उठायची वेळ बसायच्या वेळेआधी लिहून ठेव. वाक्य अर्धे असेल तर अर्धे राहू दे. अमेरिकी कादंबरीकार हेमिंग्वेने एकाहून अधिक वेळा हेच सांगितले आहे, की पुढे काय येणार ते माहीत असतानाच थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसायला धीर होतो. आणि तीन महिने सुट्टी घ्यायचीच असेल तर ‘छोटंसं काहीतरी’पासून घे. ‘आणि बिलं?’ तिने विचारले. बिले पाठवावीच लागतील, त्याला माझ्याकडे औषध नाही. आठवड्यातला एक वार त्याला देऊन टाक, एवढेच म्हणू शकले. तिने हो म्हटले, फार खात्रीने नव्हे.

काल तिचा निरोप आला. नव्या वेळापत्रकाला एक आठवडा झाला आहे, अनुवाद नेहमीइतकाच पुढे सरकला आहे, आणि दोन जण रागावले आहेत. त्यांतल्या एकाने लिहिले आहे, की तू हल्ली कामच करत नाहीस.